नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचा तीन मजली बंगला: खाली आपण, वर भाडेकरू, परवडतं का?

बंगल्याला 5 पैकी 3, एजंटच्या हिशोबाला 1.

आधी चांगलं सांगतो. जिना बाहेरून आहे, म्हणजे भाडेकरू रात्री शिफ्टवरनं आला तरी आपल्या हॉलमधून जायचा प्रश्न नाही. पहिल्या मजल्यावर टू बीएचके, त्याच्यावर वन बीएचके, अंबड एमआयडीसी जवळ त्यामुळे भाडेकरू मिळतात.

एजंट म्हणे 24 हजार भाडं येतं, हप्ता आपोआप सुटतो, आणि 2027 च्या कुंभापर्यंत भाव बघाच तुम्ही. कुंभाचं राहू दे, किंमत सांगतायत 1 कोटी 10 लाख, त्यातलं 80 लाख लोन 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ताच 69 हजारांच्या वर जातो, मग सुटतो कसा? शिवाय मधे एखादा महिना घर रिकामं, रंग, मोटर, हे धरलं की 24 चे 20 च समजायचे. टॅक्समध्ये भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि वर 30 टक्के वजावट मिळते, तेवढाच दिलासा.

खरी गोची वरच्या मजल्याची. मंजूर नकाशा मागितला तर (दोनदा मागावा लागला) परवानगी तळ अधिक एकचीच निघाली! बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत काढणारा) नकाशात आहे तेवढंच धरतो, म्हणजे वन बीएचकेचे पैसे आपल्या खिशातून आणि उद्या महापालिकेची नोटीस आली तर तीही आपल्याच नावावर. "इथे सगळ्यांनीच चढवलाय साहेब" हे उत्तर तयारच असतं.

लाईटचं मीटर तिघांत एकच. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे चढतो, 300 च्या पुढे अजून, त्यामुळे एका मीटरवर तीन घरं म्हणजे बिल जास्त आणि वाटणीवरून रोज कटकट. वेगळी मीटरं मालकानेच घेऊन द्यावीत. पहिल्या मजल्याच्या छताला एका कोपऱ्यात ताजी पुट्टी दिसली, बरोबर वरच्या बाथरूमखाली, काय ते समजून घ्या. आणि आत्ताच्या भाडेकरूंचे करार नुसते नोटरी केलेले, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि ती घरमालकाने करायची असते.

आम्ही वरचा मजला शून्य धरून 88 लाख सांगितलेत. मालक म्हणतात 1 कोटीच्या खाली एक रुपया नाही. बायकोला पुढचं अंगण फार आवडलंय म्हणून अजून नाही म्हटलेलं नाही.