जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेताय? सस्पेन्शन फक्त पुढे की दोन्हीकडे?

भाच्याचं बजेट 12 हजार आणि मन दोन जुन्या सायकलींत अडकलेलं. एकीला फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग), दुसरीला पुढे-मागे दोन्हीकडे. दिसायला दुसरी भारी, हे खरं.

पण नाशिकहून त्र्यंबक रोडने अंजनेरी साधारण 20 किलोमीटर. स्वस्तातली डबल सस्पेन्शनवाली आधीच जड, त्यात चढावर प्रत्येक पॅडलला मागे दबते आणि पायांचा जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो. पहिलीत तो थेट चाकाला मिळतो.

दुरुस्तीत फरक आणखी मोठा. सीट धरून मागचं चाक आडवं हलवून पाहिलं, तर दुसरीच्या सांध्यातून टकटक ऐकू आली. बुश (सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या) झिजलेले! जुन्या मॉडेलचे बुश शोधताना दमछाक होते. पहिलीची चेन झिजली होती, पण चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) कुठलाही सायकलवाला बदलून देतो. वेल्डिंगजवळ फ्रेमला तडा दिसला, तर मात्र कुठलीच घेऊ नका.

दगडधोंड्यांच्या उतारावर आराम दुसरीतच.

रोज गंगापूर रोड आणि रविवारी पांडवलेणीचा पायथा, एवढंच असेल तर पहिली घ्या. उतारांचंच वेड असेल, तर पैसे साठवा आणि सांधे घट्ट असलेली दुसरी शोधा.