आत डिस्क असताना ‘डिस्क घाला’ म्हणणारी ड्राइव्ह : आठ महिन्यांचा अनुभव

हल्लीच्या लॅपटॉपना डिस्क ड्राइव्ह नसते, आणि माझ्याकडे तर जुन्या सीडी-डीव्हीडींचे दोन डबे भरलेले. म्हणून आठ महिन्यांपूर्वी यूएसबीला लावायची ही सडपातळ डीव्हीडी ड्राइव्ह घेतली. पहिले दोन महिने तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, आणि ड्राइव्हच्या बाबतीत याहून मोठी तारीफ नसते. तिसऱ्या महिन्यात तिने डिस्क उचलणं बंद केलं. आत डिस्क गरगर फिरतेय आणि पडद्यावर संदेश, ‘डिस्क घाला’. त्या रात्री वैतागून मी एका ताऱ्याचा जळजळीत अभिप्राय लिहून ठेवला. तो टाकला नाही हे बरं झालं. त्यातली निम्मी बोलणी खरं तर यूएसबी हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीला, बसायला हवी होती.

नीट कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं. ड्राइव्ह वेग घ्यायला जायची, थबकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मोटर आणि लेसर दोघांनाही वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. थांबलेली डिस्क गतीला आणताना वीज जास्त लागते, आणि माझ्या हबवर माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह आधीच पंगतीला बसलेले. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावली आणि तीच डिस्क लगेच उघडली. काही ड्राइव्हबरोबर दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची केबल येते ती याचसाठी. हिची केबल मात्र बुडाशी कायमची जोडलेली आणि वीतभर लांब. हा एक तारा मी तिथेच कापला.

आणखी एक फजिती याच काळातली. या सडपातळ ड्राइव्हमध्ये डिस्क नुसती ठेवून चालत नाही, मधल्या चकतीवर दोन बोटांनी दाबून ‘टक्’ असा आवाज यावा लागतो. ती अर्धवट बसली की खरखर होते आणि वाचन शून्य. घरात माझ्याशिवाय कुणीही डिस्क घातली की हेच व्हायचं!

तेव्हापासून मी तीन साक्षीदार वेगळे ठेवलेत. कारखान्यात छापलेली एक सीडी, छापलेली एक डीव्हीडी, आणि घरी राईट केलेली, हमखास चालणारी एक डीव्हीडी-आर. काही अडलं की आधी त्या तिघींची साक्ष काढायची. एकच संशयित डिस्क दहा वेळा आतबाहेर करून दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे कधीच कळत नाही.

पाचव्या महिन्यात त्यांचा उपयोग झाला. सीडी व्यवस्थित चालली, दोन्ही डीव्हीडी ठप्प. हे शक्य आहे, कारण सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा. एक मेला तरी दुसरा चालू राहतो. डीव्हीडीचा लेसर गेला असं मी धरूनच चालले होते. पण टाकून देण्याआधी लेन्स पुसून बघितली. डीव्हीडीवरचे माग एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात, सीडीवरचे १.६ वर. म्हणजे लेन्सवरची धूळ आधी डीव्हीडीलाच नडते. या प्रकारच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते, ट्रे उघडला की समोर दिसते, एकही स्क्रू काढावा लागत नाही. (ट्रे उघडा ठेवला की धूळही तितक्याच सोयीने बसते.) केबल काढली, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा दिला, हलक्या हाताने एकदा फिरवला, वाळू दिलं. लेन्स बारीक तारांवर तरंगती असते, जोर अजिबात लावायचा नाही. दोन्ही डीव्हीडी परत आल्या. ब्रश लावलेली सफाईची डिस्क त्याआधी चालवून पाहिली होती, माझ्या बाबतीत तिने काही फरक पडला नाही.

मध्ये एकदा ड्राइव्ह विंडोजमधून गायबच झाली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढल्यानंतरचा हा गोंधळ. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, सीडी-डीव्हीडीच्या वर्गातल्या अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स या नोंदी काढून मशीन रीस्टार्ट केल्यावर मिटला. आधी बॅकअप घ्या. याच नावाची नोंद कीबोर्डच्या वर्गातही असते, चुकून तिथली उडवलीत तर कीबोर्डच बंद पडेल.

आता डिस्कबद्दल, कारण उरलेला त्रास त्यांचाच होता. त्या पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. मागाच्या दिशेने गेलेला लांब चरा डिस्कवरच्या, चुका भरून काढणाऱ्या दुरुस्ती-संकेतालाही झेपत नाही. सीडीची माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते हा आपला समज. प्रत्यक्षात ती लेबलच्या अगदी खाली असते, म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथली माहिती गेलीच, टूथपेस्ट घासून ती परत येत नाही. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे वरचे ओरखडे ती बरेच सोसते. घरी राईट केलेल्या डिस्कमधला रंग मात्र वर्षांनी उतरतो. काही तर मुळात फायनलाइझ केलेल्याच, म्हणजे राईट करून शेवटी बंद केलेल्याच, नव्हत्या. हा निव्वळ माझा तेव्हाचा आळस.

अर्धवट वाचल्या जाणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर वापरते. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि मग त्यांच्यावर परत येतं. खरी गंमत पुढे आहे. तीच मॅप फाइल घेऊन तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते आणि फक्त गाळलेल्या जागा भरता येतात. माझ्या जुन्या डेस्कटॉपमधल्या जाडजूड ड्राइव्हने या नवीला न जमलेले बरेच तुकडे वाचले.

तारे साडेतीन. वाचन चांगलं, ट्रे लेचापेचा, केबल आखूड. दोन डब्यांतल्या १४३ डिस्कपैकी १३७ हार्ड डिस्कवर उतरल्या. उरलेल्या सहांपैकी एकीवर डीडीरेस्क्यू कालपासून चालू आहे. ९६ टक्के झालेत, आणि आत्ताच परत तो थबकण्याचा आवाज आला.