रीपरवर नऊ महिने: घरी गाणं रेकॉर्ड करायला बसले त्याचा अनुभव

रीपर हे संगणकावर गाणं रेकॉर्ड करून त्याचे भाग जुळवायचं, म्हणजे मिक्स करायचं, सॉफ्टवेअर. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा समोर करड्या रंगाची रिकामी खिडकी आली. कुठलं वाद्य नाही, तयार ठेके नाहीत, कुठून सुरुवात करायची त्याची खूणही नाही. मी बराच वेळ नुसती बघत बसले. आज नऊ महिन्यांनी अकरा गाणी पूर्ण झाली आहेत, अर्धवट राहिलेली त्याहून जास्त आहेत, आणि ते रिकामपण हाच मला या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. पण तो सगळ्यांसाठी गुण नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर सुरुवातीचे दोन महिने वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गाते, गिटार वाजवते आणि की-बोर्डवर जेमतेम साथ करते. स्वतःच्या चाली ऐकवण्यासारख्या रेकॉर्ड व्हाव्यात, एवढीच इच्छा होती. सामान म्हणजे एक साधारण लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि २५ पट्ट्यांचा मिडी की-बोर्ड. पुढचं सगळं याच बेतावर वाचावं.

रीपर जस्टिन फ्रँकेल यांनी सुरू केलं, ज्यांनी १९९७मध्ये विनॅम्प हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर आणलं होतं तेच. पहिली पूर्ण आवृत्ती २००६ची. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, विंडोजची इन्स्टॉल फाइल २० एमबीपेक्षाही लहान आहे आणि ६० दिवस काहीही बंद न ठेवता पूर्ण वापरून बघता येतं. हे ६० दिवस मी नीट वापरले नाहीत. त्यातले निम्मे फुकटचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची वाद्यं आणि आवाज बदलणारे इफेक्ट, गोळा करण्यात गेले. त्याबद्दल पुढे येतेच.

पहिला खरा अडथळा आला तो आवाज उशिरा येण्याचा. हेडफोन लावून गायला लागले की माझाच आवाज मागून कुणी गात असल्यासारखा यायचा आणि लय सुटायची. मला वाटलं लॅपटॉप जुना झाला. तसं काही नव्हतं. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, ओंजळ भरली की मग पुढे देतो. त्या ओंजळीचं माप म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असताना बफर १०२४ असेल, तर एक ओंजळ भरायला साधारण २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे ४० मिलिसेकंदांच्या वर गेलं. एवढ्या अंतराने स्वतःचा आवाज ऐकत गाणं अवघड आहे. बफर १२८ केला की एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. हवेतून आवाजाला एक मीटर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे तो जाणवत नाही.

मग बफर कायम १२८वरच का ठेवू नये? कारण ओंजळ लहान झाली की संगणकाला ती सारखी भरावी लागते. ट्रॅक (एकेका आवाजाची वेगळी ओळ) आणि इफेक्ट वाढले की तो मागे पडतो आणि आवाजात तडतड सुरू होते. माझा नियम आता पक्का आहे: रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचाच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना जोडणारा, उशीर कमी ठेवणारा प्रोग्राम) टाकावा आणि रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर तोच निवडावा. आणि फक्त गायचं असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण वापरावं. तेव्हा आपला आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. मात्र ते चालू असताना रीपरच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद ठेवायला विसरू नये, नाहीतर स्वतःचे दोन आवाज ऐकू येतात, एक आत्ताचा आणि एक मागे राहिलेला.

याच विषयातली एक गोष्ट मला चौथ्या महिन्यात कळली आणि ती फार उपयोगी पडली. गिटारवर गिटार रेकॉर्ड करताना दुसरी नेहमी किंचित मागे पडलेली वाटायची. माझा हात चुकतो असं समजून मी आठवडाभर मेट्रोनोम लावून रियाज केला. शेवटी इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल जोडली आणि मेट्रोनोमचा टिकटिकाटच परत रेकॉर्ड केला. मूळ टिक आणि परत आलेली टिक मोठी करून शेजारी ठेवली, तर २८८ नमुन्यांचा फरक निघाला, म्हणजे सहा मिलिसेकंद. ड्रायव्हर जो उशीर कळवत होता त्यापेक्षा खरा उशीर जास्त होता. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर हा फरक हाताने भरता येतो. आकडा टाकला, पुन्हा तपासलं, दोन्ही टिक एकावर एक बसल्या. तुमचा आकडा वेगळा येईल, कदाचित शून्यही येईल. पण तालात वाजवूनही रेकॉर्डिंग सैल वाटत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी ही केबल जोडून बघा.

आता प्लगइनचं. माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग डब्यात बसून गायल्यासारखं येत होतं. उपाय म्हणून मी कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे इफेक्ट) बदलले, रिव्हर्ब (घुमारा देणारे) बदलले, ३०० ते ४०० हर्ट्झचा भाग कापला, तर आवाज पातळ झाला. दोन महिने हेच. एक दिवस माइकजवळ टाळी वाजवून ती रेकॉर्ड केली आणि तिच्यामागे खोलीचा खणखणाट स्पष्ट ऐकू आला. माझा माइक समोरचं ऐकणारा, कार्डिऑइड प्रकारचा आहे. मी जाड चादर माइकच्या मागे लावली होती, जिकडून तो मुळातच कमी ऐकतो. तो ऐकत होता मला आणि माझ्या पाठीमागच्या उघड्या भिंतीला. गोधडी माझ्या पाठीमागे टांगली, माइकपासून तोंड वीतभर अंतरावर आणलं आणि डबा गेला. त्या दिवसानंतर मी एकही नवा कंप्रेसर उतरवून घेतलेला नाही.

रीपरसोबत येणारे इफेक्ट दिसायला अगदी साधे आहेत, नुसत्या पट्ट्या आणि आकडे. पण काम चोख करतात. गाण्याच्या ट्रॅकवर माझं ठरलेलं आहे: रीईक्यूने (आवाजातले खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारा इफेक्ट) ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, कारण तिथे माझा आवाज नाहीच, फक्त टेबलाचे धक्के आणि खोलीची घरघर आहे. मग रीकॉम्प, म्हणजे रीपरचा कंप्रेसर, ३:१च्या आसपास (ठरवलेल्या मर्यादेच्या वर तीन डेसिबल गेलं तर एकच बाहेर येतं), सगळ्यात जोरकस जागी चार-पाच डेसिबल दबेल इतपत. पंख्याचा आवाज राहिलाच तर रीफर या इफेक्टमध्ये सबट्रॅक्ट निवडून नुसत्या शांततेचा नमुना द्यायचा, ते तेवढा आवाज वजा करतं. जास्त वजा केलं की गाणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, म्हणून बेताने. शक्य असेल तर तेवढा वेळ पंखा बंद करणं कधीही बरं.

पातळीबद्दल थोडक्यात. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर मीटर लाल होईपर्यंत गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, वाढवायची काहीच गरज नाही. सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलपर्यंत (मीटरची वरची मर्यादा ० असते) गेला तरी पुष्कळ झालं. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, इनपुटलाच फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

एक नुकसान झालं ते माझ्या सवयीमुळे. सुचलं की लगेच रेकॉर्ड करायचे, प्रोजेक्ट सेव्ह नंतर. त्यामुळे सगळ्या फाइल एकाच सामाईक फोल्डरमध्ये पडत गेल्या, तिसऱ्या महिन्यात मी तो फोल्डर आवरायला घेतला आणि चार गाण्यांचे ट्रॅक रिकामे झाले. त्यातल्या एका गाण्यातला अंतरा मला तसा पुन्हा कधीच गाता आला नाही. रीपरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे फक्त मजकूर असतो, कुठला आवाज कुठे ठेवायचा याची यादी. आवाज स्वतः वेगळ्या फाइलींमध्ये असतो. तेव्हा रेकॉर्ड दाबण्याआधी सेव्ह करा, सेव्ह करताना प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर करण्याचा आणि सगळा ऑडिओ त्यातच घेण्याचा पर्याय निवडा, आणि अधूनमधून अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

वाद्यांचं म्हणाल तर रीपरमध्ये एक साधा सिंथ (आवाज स्वतः तयार करणारं वाद्य) आणि एक सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं) आहे, बाकी कपाट रिकामं. मिडी की-बोर्ड जोडला आणि आवाजच आला नाही म्हणून मी गोंधळले होते, तसं अनेकांचं होत असणार. मिडी १९८३पासून आहे आणि त्यातून आवाज जात नाही. कुठली पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली एवढाच निरोप जातो. जोर ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. त्या निरोपाचा आवाज करणारं वाद्य वेगळं लागतं. मी सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन मोफत सिंथ घेतले आणि तिथेच थांबले. नऊ महिन्यांत त्यांतले दहा टक्के आवाजसुद्धा वापरून झालेले नाहीत.

मिडीत एक मोह टाळावा असं मला मनापासून वाटतं. वाजवलेलं सगळं एका फटक्यात मात्रेवर बसवता येतं, त्याला क्वांटाइझ म्हणतात. पूर्ण जोराने केलं की ठेका घड्याळासारखा होतो आणि वर गाणारी मी एकटीच माणूस उरते. मी ते अर्ध्यावर ठेवते. चुकलेले स्वर मात्रेच्या जवळ सरकतात आणि हाताचा डौल थोडा राहतो.

असंच सुरांचं. रीट्यून सूर ओढून नेमक्या स्वरावर आणतं, पण तो स्वर समान अंतराच्या बारा पट्ट्यांमधला असतो. सतत वाजणाऱ्या षड्जाला धरून गाताना जो शुद्ध गंधार कानाला गोड लागतो, तो की-बोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मागे नुसता एक धरलेला षड्ज असलेलं माझं एक गाणं होतं. त्यावर मी हे चालवलं आणि सगळे गंधार वर खेचले गेले. आलेख बिनचूक दिसत होता, पण गाण्यातली आर्तता गेली होती. आता मी ते आपोआप चालू देत नाही. ज्या जागी कान खटकतो तिथे पुन्हा गाते.

आणि पुन्हा गाणं रीपरमध्ये इतकं सोपं आहे की मी त्यासाठीच इथे टिकले. २०२३मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत एकाच ट्रॅकच्या आत वेगवेगळे टेक, म्हणजे त्याच भागाची वेगवेगळी रेकॉर्डिंग, आडव्या ओळींत ठेवता येतात. मी चार वेळा गाते, मग माउसने ओढत पहिली ओळ दुसऱ्या टेकमधली, पुढचा शब्द चौथ्यातला अशी निवड करते. जोडाच्या जागी आवाज एकमेकांत मिसळून घेतले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅकला जात नाही. त्याच ट्रॅकवर गाणं ठेवा, मिडी ठेवा, किंवा त्याचाच फोल्डर करून त्यात सगळी गिटार घाला. आणि जवळपास प्रत्येक क्रियेला आपल्याला हवी ती कळ देता येते.

कुणी घ्यावं? गाणारे, वाजवणारे, स्वतःचा आवाज असलेले सगळे. ज्यांना पहिल्याच संध्याकाळी ठोके आणि तुकडे जुळवून बीट बनवायची आहे त्यांनी एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह आधी बघावं. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं आणि त्यात वाद्यं भरलेली असतात. रीपरमध्ये ती सगळी मांडणी स्वतः करावी लागते. मॅन्युअल ४००हून जास्त पानांचं आहे आणि मोफत आहे, पण ते सलग वाचायला घेऊ नका. अधिकृत संकेतस्थळावर केनी जोया यांचे छोटे व्हिडिओ आहेत. अडलं की त्या विषयाचा एक व्हिडिओ बघायचा आणि लगेच आपल्या गाण्यावर करायचा, असं मी शिकले.

सध्या नवीन प्रोजेक्ट उघडलं की माझा टेम्प्लेट, म्हणजे आधीच मांडून ठेवलेला साचा, येतो: गाणं, गिटार, सिंथ, आणि सगळ्यात वर ‘खोली’ नावाचा एक ट्रॅक. त्यावर मी गायच्या आधी दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्ड करते. रीफरला लागणारी शांतता तिथूनच मिळते, आणि पंखा बंद करायचा राहिला असेल तर तेही तिथेच कळतं.