तीन काचांचे दहापट भिंग: लेंटिजिनोससचे प्रकार ओळखण्याच्या कामी

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात आणि ओवेन्स खोऱ्यात मी गेले तीन वसंत एकच घडीचे भिंग वापरत आहे. ते दहापट मोठे दाखवते, त्याचा व्यास 18 मिलिमीटर आहे, आणि तीन काचा एकमेकींना चिकटवून ते केलेले असल्यामुळे पाहिलेल्या वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसत नाही. मला ते सुमारे 40 डॉलरला पडले. ते घेण्यामागे हेतू एकच होता: ‘अ‍ॅस्ट्रॅगॅलस लेंटिजिनोसस’ या रानटी, शेंगवर्गीय वनस्पतीचे प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखणे.

हे काम भल्याभल्यांना चकवणारे आहे. अ‍ॅस्ट्रॅगॅलस ही सपुष्प वनस्पतींमधील सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात 2,500 हून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी या एकट्या जातीचे सुमारे 40 प्रकार मानले जातात. वनस्पतिशास्त्रज्ञ रिडबर्ग यांनी तर हा गट ‘सिस्टियम’ या निराळ्या प्रजातीत घालून त्यातील अनेक प्रकारांना स्वतंत्र जातींचा दर्जा दिला होता. पुढे दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ रूपर्ट बार्नबी यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात ते एकाच जातीचे प्रकार म्हणून मांडले. लेंटिजिनोसस म्हणजे ठिपकेदार. हे नाव शेंगांवरच्या तांबूस-जांभळ्या ठिपक्यांवरून पडले असले, तरी प्रकार ओळखायला ते ठिपके फारसे उपयोगी पडत नाहीत. फुगलेल्या शेंगा वाळल्या की आपल्या खुळखुळ्यासारख्या वाजतात.

भिंगाची खरी किंमत मला बिशप गावाजवळच्या फिश स्लू भागात कळली. तेथील खारवट जमिनीवर ‘पिसिनेन्सिस’ हा प्रकार वाढतो. त्याच्या फांद्या जमिनीलगत मीटरभरापर्यंत पसरतात. ओवेन्स खोऱ्यातल्या अशाच जमिनीवर ‘अल्बिफोलियस’ही आढळतो, ज्याची पाने दाट लवेमुळे पांढरट दिसतात, आणि त्याचे नावही त्यावरूनच आले आहे. पंचाईत अशी की वारा सुटला की खाराची धूळ बसून तेथे कोणत्याही झुडपाचे पान पांढरे होते. नुसत्या डोळ्यांना, आणि मोबाईलच्या छायाचित्रालाही, धूळ कोणती आणि लव कोणती हे कळत नाही. भिंगाखाली मात्र केस एकेक दिसतात, ते पानाला चिकटून आहेत की उभे आहेत हे दिसते, आणि त्यांच्यामधली पानाची हिरवी त्वचा किती झाकली गेली आहे याचा अंदाज घेता येतो.

भिंग वापरण्याचे दुसरे कारण कायद्याचे आहे. फिश स्लूचा हा प्रकार आणि रिव्हरसाइड परगण्यातील वाळूवर वाढणारा ‘कोआचेली’ हा प्रकार, या दोहोंना 1998 साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. अशा झाडाची डहाळी तोडून घरी सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याचा विचारही करू नये. दहापट भिंगातून पाहताना वस्तू जेमतेम अडीच सेंटिमीटरवर असावी लागते. तेव्हा झाड भिंगाकडे येत नसेल तर आपणच पालथे पडून झाडाकडे जायचे, हे ओघाने आलेच.

उणिवाही आहेत. यात मोजपट्टी कोरलेली नाही. फुलाच्या नौतलाची, म्हणजे खालच्या होडीसारख्या पाकळ्यांची, लांबी हे प्रकार ओळखण्याच्या किल्लीत (पायरीपायरीने प्रश्न विचारत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात) वारंवार विचारले जाणारे माप असून तेथे एखाद्या मिलिमीटरनेही वाट बदलते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पोलादी पट्टी आणि हलणारे फूल धरायला तिसरा हात नाही, अशी अवस्था होते. घडीच्या खिळ्यात बारीक वाळू जाऊन तो दुसऱ्याच वर्षी कुरकुरू लागला. वाळू बसलेली काच सदऱ्याच्या टोकाने पुसल्याचा ओरखडा मात्र माझ्या खात्यावर आहे.

याआधी मी 21 मिलिमीटर व्यासाचे, ‘तीसपट’ असे छापलेले स्वस्त भिंग घेतले होते. खऱ्या तीसपट भिंगाचे नाभीय अंतर (काचेपासून प्रकाशकिरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर) जेमतेम आठ मिलिमीटर असते. तेवढ्या रुंद काचेत ते बसणे व्यवहारात शक्य नाही, हे मला विकत घेतल्यावर उमगले. मुळात या कामाला तीसपटीची गरजच नाही.

आणि दहापटही प्रत्येक वेळी पुरत नाही. पिकलेली शेंग हाताशी नसेल तर कोणतेही भिंग प्रकार सांगू शकत नाही. या जातीच्या शेंगेत उभा पडदा असून तिचे दोन कप्पे होतात, चोच, म्हणजे शेंगेचे निमुळते टोक, मात्र एककप्पी राहते. तशीच फुगीर पण देठावर टांगलेली, एककप्पी शेंग ‘अ‍ॅस्ट्रॅगॅलस ऊफोरस’ची असते. हे पाहायला खाली गळलेली शेंग ब्लेडने आडवी कापावी. कॅलिफोर्नियातल्याच युरेका खोऱ्यातील वाळूच्या टेकड्यांवर चकाकणाऱ्या ‘मिकॅन्स’ या प्रकारासमोर तर मी भिंग खिशातून काढलेच नाही, तेथे नकाशावरचे ठिकाणच बहुतेक उत्तर देऊन टाकते.

घेणाऱ्यांनी सोबत लालभडक दोरी घ्यावी. काळ्या दोरीचे भिंग मी एकदा तासभर झुडपांत शोधले आहे.