पावसाळ्यातल्या पिंजारलेल्या केसांसाठी: सिरम की जवसाची जेल?

जुलैच्या झिमझिमीत कोल्हापुरात फुलेवाडीहून रंकाळ्याच्या कडेनं मोपेडवर राजारामपुरीत पोचेपर्यंत माझे केस पार पिंजारतात. म्हणून यंदा घरीच तुलना केली. मधोमध भांग पाडला. डावीकडे दुकानातलं सिलिकोनचं सिरम लावलं, उजवीकडे घरी शिजवलेली जवसाची जेल. दोन आठवडे प्रत्येक न्हाण्यानंतर हेच केलं.

केस फुगतात ते हवेतल्या ओलाव्यानं. ओलावा आत शिरला की केराटिनमधले (केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यातले) हायड्रोजन बंध सुटतात, वेगळ्याच जागी जुळतात आणि केस वेडावाकडा होतो. रंग लावलेल्या किंवा सतत इस्त्री केलेल्या केसांचे खवले उघडे असतात, त्यामुळे ते जास्त पाणी ओढतात.

सिरममधलं डायमेथिकोन, म्हणजे त्यातलं सिलिकोन, केसावर पातळ थर धरतं आणि ओलावा आत जायचा वेग कमी करतं. पावसात हा थर विरघळत नाही. संध्याकाळी घरी आले तरी माझी डावी बाजू बरीचशी बसलेली असायची. मात्र ते लावायचं टॉवेलनं टिपलेल्या ओलसर केसांना, दोन-तीन थेंब, कानाखालच्या लांबीवर आणि टोकांना. मुळाशी लावलं तर दुसऱ्या दिवशी केस तेलकट, चपटे दिसतात. थरावर थर साचतो, म्हणून अधूनमधून चांगला फेस येणाऱ्या शॅम्पूनं धुवावं लागतं.

जेल स्वस्त पडते. लक्ष्मीपुरीतून आणलेले दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर कापडातून खाली उतरतच नाही, माझा पहिला घाणा तसाच वाया गेला. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यायची. वाळल्यावर केस कडक होतात, मग हातानं हलकेच चुरायचे. मऊपणा आणि चमक मला हिचीच जास्त आवडली. पण हा चिकट पदार्थ पाण्यात विरघळणारा. रेनकोटाच्या टोपीतून चार थेंब आत आले की उजवी बाजू चिकट व्हायची.

माझ्यासारखे सरळ किंवा हलके लाटदार, दाट केस असतील आणि रोज पावसातून जाणं असेल, तर सिरम घ्या. कुरळ्या केसांना मी जेलच सांगेन. माझ्या बहिणीच्या कुरळ्यांची वळणं जेलनं सुटी, नीट दिसली, सिरमनं नुसती लोंबली. ती बाहेर पडताना वाळलेल्या जेलवर सिरमचा एक थेंब फिरवते.

आई म्हणते, खोबरेल तेल लाव. न्हाण्याआधी जरूर लावा. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. पावसातलं फुगणं मात्र त्यानं थांबत नाही.

पार्लरमधल्या केराटिन ट्रीटमेंटचा विचार असेल तर त्यात फॉर्मल्डिहाइड आहे का, हे आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच ते कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि केसांवर गरम इस्त्री फिरली की त्याची वाफ थेट नाकात जाते. मी त्या वाटेला जाणार नाही.

सिरम घेताना छोटी बाटली घ्या आणि मागची यादी वाचा. ग्लिसरीन अगदी वरच्या नावांत असेल तर पावसाळ्यात नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि डोक्याला लावण्याआधी एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा.