ज्ञानेश्वरी घ्यायचीय: सार्थ की नुसती संहिता?

दुकानात ज्ञानेश्वरी मागितली की बहुतेक वेळा सार्थ प्रतच पुढे येते: मूळ ओवी आणि तिच्या खाली अर्थ. दुसरा पर्याय निव्वळ संहितेचा, शेवटी कठीण शब्दांचा कोश असलेला. नुसतं गद्य रूपांतरही मिळतं, पण ओवी सोडूनच वाचायचं तर गीतेचा सरळ अनुवाद काय वाईट? म्हणून प्रश्न पहिल्या दोहोंचाच.

सार्थ प्रतीचं पारडं पहिल्याच पानावर जड होतं. पहिल्या अध्यायाच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे. त्यात अठरा पुराणं म्हणजे दागिने, सहा दर्शनं म्हणजे हात, तर्क म्हणजे परशू आणि वेदान्त म्हणजे मोदकातला रस. अर्थ हाताशी नसेल तर नवा वाचक पहिल्या वीस ओव्यांतच अडकतो, आणि पुष्कळांची ज्ञानेश्वरी तिथंच मिटते. सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर, कुंडलिनी ही योगाची भाषा सुरू झाली की तिथंही शब्दकोश पुरत नाही. एकेका शब्दामागे अख्खी क्रिया आहे, ती कुणीतरी उलगडूनच सांगावी लागते.

तरीही माझं मत सार्थ प्रतीवरून उडालं ते एकाच कारणानं. ज्ञानदेवांचं वाक्य ओवीच्या शेवटी संपत नाही. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. एका ओवीत कासव खुशीत अवयव पसरतं किंवा मनाला येईल तसे आवरून घेतं. ‘तैसीं इंद्रियें’ हे मात्र पुढच्या ओवीत येतं. सार्थ प्रतीत या दोहोंच्या मध्ये कासवाचा अर्थ येऊन बसतो. दोनच ओव्या असल्या तर निभावतं. पण ज्ञानदेव एकावर एक चार-पाच दृष्टान्त रचतात, तेव्हा वरचं ‘जैसें’ एका पानावर राहतं आणि ‘तैसें’ पान उलटल्यावर भेटतं. दृष्टान्तांची चढती लय असते, ती दर चार ओळींनी तुटते. मग डोळा आळशी होतो, ओवीवरून घसरून थेट अर्थावर उतरतो, आणि थोड्या दिवसांत आपण ‘त्याप्रमाणे’ने सुरू होणारी गद्य वाक्यं तेवढी वाचत असतो. काही प्रतींत तीन-चार ओव्यांचा अर्थ एकत्र दिलेला असतो. तशी मिळाली तर माझी तक्रार निम्मी कमी समजा.

संहिता वाचायला वाटते तितकी अवघड नाही. अडतं ते तत्त्वज्ञानापेक्षा जुन्या, बारीकसारीक शब्दांवर. जियापरी (ज्याप्रमाणे), नातरी (किंवा), आथी (आहे), तैं (तेव्हा), म्हणौनि (म्हणून), आपैतें (स्वाधीन) असे पन्नासेक शब्द एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवावेत. ‘कां’ विशेष फसवं, कारण पुष्कळ ठिकाणी तो प्रश्न नसून ‘किंवा’ असतो. सुरुवात बाराव्या अध्यायापासून करावी. तो अडीचशे ओव्यांच्या आत आहे; रोज पंचवीस वाचल्या तर दहा दिवसांत होतो. मग नववा, मग पहिला. अठरावा अठराशे ओव्यांचा, त्याला शेवटीच हात घालावा.

आजच्या वाचकाला हे सगळं कशासाठी, याचं उत्तर तेराव्या अध्यायातल्या अहिंसेत मिळेल. गीतेत तिथं नुसतं एक नाव आहे. ज्ञानदेव मात्र तो माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, हात कसा उचलतो, इथपर्यंत जातात. तिथं अर्थवाले दोन-तीन विशेषणांत आवरतं घेतात आणि नेमका तोच तपशील गळतो. असं निदान मला दिसलं. सगळ्या प्रतींबद्दल हे म्हणणं अन्यायाचं होईल.

घेण्याआधी पान उघडून बघा. पसायदान काढा: ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’. देवें, येणें, वाग्यज्ञें यांवर अनुस्वार नसेल तर प्रत ठेवून द्या. ‘देवें’ म्हणजे देवानं. टिंब गेलं की कर्ता कोण हेच कळत नाही, आणि पुढं नऊ हजार ओव्या तशाच वाचायच्या असतात. छापणाऱ्याला ते टिंब किरकोळ वाटतं, त्याला इलाज नाही. मुद्रण ठीक असेल तर पाठ कोणता तेही विचारा. एकनाथांनी शके 1506 (इ.स. 1584) मध्ये शुद्ध केलेली परंपरा आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी इ.स. 1909 मध्ये छापलेली प्रत यांत शब्दही वेगळे आहेत आणि ओव्यांचे आकडेही. चारजण मिळून वाचणार असाल तर ओवीचा नंबर सांगू नका, गीतेच्या श्लोकाचा सांगा. नाहीतर प्रत्येकजण वेगळ्याच पानावर पोचतो.

दोन्ही परवडत असतील तर संहिता रोजच्या हाताशी ठेवा आणि सार्थ कपाटात. पहिल्या अध्यायाचा आरंभ आणि सहावा एवढ्यापुरती ती खाली काढायची. तेव्हाही आधी पाच-सहा ओव्या सलग वाचून मगच अर्थ बघायचा. एकच घ्यायची आणि जुन्या मराठीची अजिबात सवय नसेल तर सार्थ घ्या, फक्त पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा जवळ ठेवा, खालचा अर्थ झाकायला.