नागपुरातील सी स्काउट गट: दोन वर्षांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

समुद्रकिनारा जिथून ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्या नागपुरात मुलीला सी स्काउट, म्हणजे बोट आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवणाऱ्या स्काउट शाखेच्या गटात घातले आहे असे सांगितले की ऐकणारा हमखास एकदा पुन्हा विचारतो. नौकानयनाशी नागपूरकरांची ओळख म्हणजे फार तर अंबाझरी तलावावर सराव करणारे एनसीसीच्या नौदल शाखेचे छात्र. म्हणून पश्चिम नागपुरातील ज्या खुल्या गटात, म्हणजे कोणत्याही एका शाळेशी न जोडलेल्या गटात, माझी मुलगी जून २०२४ पासून जाते, त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पुढे काही उणिवांचाही उल्लेख येणार असल्यामुळे गटाचे नाव येथे देत नाही.

आधी तिला तिथे का घातले ते सांगते, कारण या अभिप्रायातील सारे मोजमाप त्याच एका रात्रीपासून सुरू होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या इमारतीचा तळमजला छातीपर्यंत बुडाला होता. पलीकडच्या घरातील आजींना बाहेर काढण्यासाठी आम्ही फाटकाच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, परंतु ती ओली झाल्यावर गाठ सुटली आणि दोरी हातात आली. आजी वाचल्या, बचाव पथकाची बोट तासाभराने आली आणि तिने त्यांना नेले. मात्र इमारतीतील २० मोठ्या माणसांपैकी एकालाही भरवशाची गाठ बांधता येत नव्हती, ही गोष्ट मला तेव्हापासून सतत टोचत राहिली.

गटाचा आठवड्याचा वर्ग रविवारी सकाळी सहा वाजता एका शाळेच्या मैदानावर भरतो. ध्वजवंदन आणि प्रार्थना झाली की पहिला तास दोरकामाचा असतो. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड आणि बोलाइन या चार गाठी कोरड्या दोराने आल्या म्हणजे मूल उत्तीर्ण झाले असे येथे मानत नाहीत. त्याच गाठी बादलीत भिजवलेल्या दोराने, डोळे मिटून आणि पाठीमागे हात नेऊन बांधाव्या लागतात. बोलाइनच्या फासात माणसाला बसवून ओढले तरी तो आवळत नाही आणि काम झाल्यावर सहज सोडवताही येतो, हे माझ्या मुलीने मला घरातील पडद्याच्या दोरीवर दाखवले, तेव्हा त्या पहाटेची आमची चूक नेमकी कुठे झाली होती ते मला कळले.

त्यानंतर दोर फेकण्याचा सराव होतो, आणि माझ्या मते या गटाचे सर्वांत मोलाचे शिक्षण हेच आहे. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये वजनापुरते पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावतात आणि त्याच्या मुठीला १५ मीटर दोर बांधतात. दोराची अर्धी वेटोळी डाव्या हातावर सैल ठेवायची, उरलेली वेटोळी कॅनसह उजव्या हाताने खालून झुलवून सोडायची आणि कॅन बुडणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे पडेल असा फेकायचा. त्याच्या अलीकडे पडलेला कॅन वाया गेला असे धरतात, कारण घाबरलेला माणूस पुढे झेपावू शकत नाही. माझी मुलगी पहिले तीन रविवार या परीक्षेत नापास झाली. चौथ्या रविवारी कॅन खुणेच्या काठीपलीकडे पडला, तेव्हा तिने आनंदाने उड्या मारण्याआधी दोर ओढून पुन्हा नीट वेटोळी घातली, कारण दोर आवरल्याशिवाय फेक पूर्ण धरत नाहीत. काठावरून हात किंवा काठी द्या, ते जमत नसेल तर दोर फेका, तेही जमत नसेल तर बोट न्या आणि पाण्यात उडी सर्वांत शेवटी, हा क्रम मुलांच्या अंगी इतका मुरला आहे की झोपेतून उठवून विचारले तरी ती सांगतील. दर पावसाळ्यात कन्हान आणि पेंच नद्यांच्या डोहांत एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या भागात या क्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष बोटीचा सराव महिन्यातून एकदा रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर होतो. त्यासाठी ठरवलेल्या जलतरण तलावात अंगावरच्या कपड्यांसह ५० मीटर पोहून दाखवावे लागते. तोपर्यंत मूल कितीही हुशार असले तरी त्याला बोटीत घेत नाहीत. पावसाळ्यात बोटी बंद असतात. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी मुलीचे नाव घालताना मी किती वेळ अर्ज हातात धरून बसले होते, ते मलाच ठाऊक आहे. म्हणून काठावर उभी राहून मी प्रत्येक फेरी मोजली आहे: बोटीत ठरल्यापेक्षा एकही मूल जास्त नसते, लाइफ जॅकेटचे बंद मोठ्या माणसाने ओढून पाहिल्याशिवाय बोट सुटत नाही, आणि एक प्रशिक्षक रिकाम्या बोटीत फक्त पाहण्यासाठी थांबलेला असतो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘वारसा तास’ असतो. पालकांनाही बसता येत असल्यामुळे मी तो सहसा चुकवत नाही. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी भरवलेल्या पहिल्या शिबिराची गोष्ट बहुतेक स्काउटांना माहीत असते, आणि त्याच दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी १ ऑगस्टला मुले शाळेतही गळ्यात स्कार्फ घालून जातात. त्यापुढचा इतिहास मात्र मी येथेच प्रथम ऐकला. १९०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील बकलर्स हार्ड येथे ‘मर्क्युरी’ या प्रशिक्षण नौकेच्या आधाराने स्काउटांचे शिबिर भरले आणि तेथून सागरी शाखेची सुरुवात झाली. ती नौका चालवणारे सी. बी. फ्राय हे नामवंत क्रिकेटपटू असून ससेक्स संघात ते आपल्या रणजितसिंहजींचे सहकारी होते, हे सांगितल्यावर मागे बसलेले वडीलही सरसावून बसले. बेडन-पॉवेल यांचे थोरले बंधू वॉरिंग्टन यांनी या शाखेसाठी नौकानयनाचे पाठ लिहिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणण्यासाठी ज्या लहान बोटी गेल्या, त्यांत लंडनजवळच्या मॉर्टलेक येथील सी स्काउटांची ‘मिनोटॉर’ ही बोटही होती.

गटाविषयी माझा आदर वाढला तो मात्र वेगळ्याच प्रसंगाने. ऑगस्टच्या तासात प्रशिक्षकांनी ४ ऑगस्ट १९१२ ची इंग्लंडमधील लेजडाउनची दुर्घटना सांगितली. लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट मुले बोटीने शिबिराला जात असताना अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोतात बोट उलटली आणि ९ मुले बुडाली. ही हकिकत सांगताना त्यांनी कुठेही आवाज चढवला नाही की शौर्याची भर घातली नाही; शेवटी एवढेच सांगितले की आपल्या बोटीवरचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी घरच्या दुःखातून आलेला असतो. त्या दिवसापासून माझ्या मुलीने जॅकेटच्या बंदाबद्दल एकदाही कुरकुर केलेली नाही.

याच तासाला एकदा भंडारा जिल्ह्यातील एका मामा तलावावर आयुष्यभर मासेमारी केलेल्या ढिवर समाजातील एका वयोवृद्ध आजोबांना बोलावले होते. आपल्याकडचे हे माजी मालगुजारी तलाव आणि त्यांवर डोंगा चालवणारी माणसे हाच खरे तर पूर्व विदर्भाचा नौकावारसा आहे. आजोबांनी जाळे विणण्याची चपटी सुई काढली, सुताचे दोन फेरे घेतले आणि एक घर विणून दाखवले. पुढच्या रांगेतील एक मुलगा वाकून पाहत होता. तो एकदम म्हणाला की ही तर शीट बेंड आहे. त्याने आपल्या दोराने तीच गाठ बांधून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, “हे तं आमच्या जाळ्याचीच गाठ हाय ना बाप्पा!” पुढचा अर्धा तास मुले त्यांच्याभोवती गोल करून जाळ्याची घरे विणत होती आणि ठरलेला कार्यक्रम बाजूला राहिला, याचे श्रेय तो बाजूला राहू देणाऱ्या प्रशिक्षकांना आहे.

मराठ्यांच्या आरमाराविषयी, सिंधुदुर्ग आणि कान्होजी आंग्रे यांच्याविषयी गटात भरपूर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट राहून जाते, ती मी लेखी सूचनेतही दिली आहे. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. बालासोरसारखे बंदर या शहराच्या सत्तेखाली होते आणि देवगावच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. नागपूरच्या मुलांना आपल्या शहराचा समुद्राशी असलेला हा थेट संबंध सांगितला नाही, तर समुद्र हा कोकणाचा विषय आहे असेच त्यांना वाटत राहील. वारसा तासात याला जागा मिळावी, असा माझा आग्रह आहे.

समाजकार्याच्या बाबतीत गटाचे वेगळेपण असे की बहुतेक कामे पाण्याशी बांधलेली आहेत. गणेश विसर्जनाच्या दिवसांत मुले फुटाळा तलावाच्या परिसरात निर्माल्य वेगळे करण्यासाठी उभी असतात, आणि मोठी मुले कृत्रिम टाक्यांजवळ गर्दीला काठापासून मागे ठेवतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठीच्या पाणीवाटपात ती दोन पाळ्यांत काम करतात. गेल्या वर्षी माझी मुलगी सायंकाळी घरी आली तेव्हा तिच्या बोटांची टोके पाण्याने सुरकुतली होती आणि वर्ध्याहून पायी आलेल्या एका आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवल्याचे ती तीनतीनदा सांगत होती. हिवाळ्यात तलावाच्या काठची जलपर्णी ओढून काढण्याचे काम असते, ते कष्टाचे आणि घाण वासाचे असले तरी मुले टाळत नाहीत. नदीकाठच्या एका गावातील शाळेत घेतलेले कॅन आणि दोराचे प्रात्यक्षिक मला या सर्वांत अधिक उपयोगी वाटले. ते वर्षातून एकदाच होते, ते पोळ्याच्या आधी निदान चार गावांत तरी व्हायला हवे.

आता उणिवा. पहिल्या शिबिरात माझ्या मुलीला दिलेले जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचे होते. पाण्यात उतरताच ते वर सरकून तिच्या कानांपर्यंत आले आणि हनुवटी आत गेली. दहा वर्षांच्या मुलाच्या जॅकेटला पायांमधून घेण्याचा पट्टा असलाच पाहिजे. मी त्याच दिवशी तक्रार केली, पण लहान मापाची जॅकेट यायला चार महिने लागले. ज्या गटाची बाकी सारी शिस्त सुरक्षिततेवर उभी आहे त्याने हे आधीच पाहायला हवे होते, आणि तोवर लहान मुलांना बोटीत न घेण्याचा निर्णय त्यांनी घेतला नसता तर मी मुलीचे नाव काढून घेतले असते. शिबिराच्या जागी मुलींना कपडे बदलण्यासाठी ताडपत्रीचा आडोसा आहे, त्याला आतून कडी नाही. ही गोष्ट दोनदा सांगूनही तशीच आहे. बोटी दोनच असल्यामुळे खिंडसीवर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. वर्षाचे शुल्क १,२०० रुपये असले तरी जलतरण तलावाचे आणि रामटेकच्या प्रवासाचे पैसे वेगळे पडतात, आणि ज्या वस्त्यांतील मुलांचा नदीशी रोजचा संबंध आहे तीच त्यामुळे बाहेर राहतात. गटाने तीन मुलांचे शुल्क माफ केले आहे हे मला माहीत आहे, तरी प्रवेशाच्या कागदावर तशी सोय असल्याचे कुठेही छापलेले नाही, ते छापावे.

एवढे असूनही मी मुलीला तिथेच ठेवले आहे आणि यंदा धाकट्याचे नावही देणार आहे. नवे प्रवेश जूनमध्ये होतात. दाखल होताना मुलाला भिजले तरी चालतील असे पायात घट्ट बसणारे बूट, कोरडे कपडे आणि टॉवेल द्यावा, आणि पहिले तीन रविवार आई किंवा वडिलांपैकी एकाने काठावर थांबावे अशी गटाची अट असते. ती मानावी, त्या वेळेत पालकांच्याही हातात एक दोर दिला जातो.